एच. पायलोरीचा कोर्स दोनदा होऊनही अहवाल पॉझिटिव्ह: पुढे काय करावे?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. माझे वय त्रेचाळीस आहे. गेली दोन वर्षे मला वरच्या पोटात जळजळ होणे, चार घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे आणि पहाटे पोट दुखून जाग येणे हा त्रास होता. घरात सर्वांनी तो पित्ताचा ठरवला होता. मागील वर्षी एंडोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) केली, तेव्हा ड्युओडेनल अल्सर, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील व्रण, आढळला आणि त्याच वेळी काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत एच. पायलोरी हा जिवाणू असल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर अ‍ॅमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि आम्ल कमी करणारी गोळी यांचे एकत्र पाकीट, ज्याला औषधांच्या दुकानात सरळ ‘किट’ म्हणतात, ते मी चौदा दिवस एकही वेळ न चुकवता घेतले.

दुखणे थांबले, परंतु काही महिन्यांनी जळजळ पुन्हा सुरू झाली. जवळच्या प्रयोगशाळेत रक्त तपासले असता एच. पायलोरीची प्रतिपिंडे पॉझिटिव्ह आली आणि दुसऱ्या एका डॉक्टरांनी तेच किट पुन्हा दिले. ते संपल्यानंतर केलेला रक्ताचा अहवालही पॉझिटिव्ह आहे आणि त्यातील आकडा जवळजवळ पूर्वीइतकाच आहे.

हा जिवाणू औषधांना दाद देत नाही, की घरातूनच तो मला पुन्हा पुन्हा लागतो आहे? आमच्याकडे एका ताटात जेवण्याची सवय आहे. तेव्हा पत्नीची आणि दोन्ही मुलांची तपासणी करून घ्यावी काय? या जिवाणूमुळे जठराचा कर्करोग होतो असे वाचल्यापासून मनाची अस्वस्थता वाढली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अंतर्वेध (पुणे, पोटविकारतज्ज्ञ)

आपला पहिला कोर्स योग्य कारणासाठी दिला गेला होता, कारण अल्सर आणि जिवाणू हे दोन्ही प्रत्यक्ष दिसले होते. पुढील दोन्ही निर्णय मात्र रक्ताच्या अहवालावर बेतलेले आहेत आणि अडचण नेमकी तेथेच आहे. रक्तातील प्रतिपिंडे ही जिवाणू शरीरात कधीतरी येऊन गेल्याची खूण असते. जिवाणू पूर्ण नष्ट झाल्यानंतरही ती अनेक महिने, कित्येक रुग्णांत वर्षानुवर्षे, टिकून राहतात. त्यामुळे उपचार यशस्वी झाला की नाही हे या तपासणीवरून कळू शकत नाही. पहिल्याच कोर्सने आपला जिवाणू गेला असणे शक्य आहे आणि दोन्ही कोर्स घेऊनही तो तेथेच असणेही तितकेच शक्य आहे. आजच्या घडीला आपल्या हाती या दोहोंपैकी कशाचाही पुरावा नाही, म्हणून तिसरे औषध सुरू करण्याआधी श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातील एच. पायलोरी अँटिजेनची (जिवाणूच्या स्वतःच्या अंशाची) तपासणी करून घ्या. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी यांपैकी एक तपासणी प्रत्येक रुग्णाची व्हायला हवी. प्रत्यक्षात खर्चामुळे किंवा सोयीअभावी ती राहून जाते.

घरातून पुन्हा लागण होण्याबाबत. हा जिवाणू बहुतेकांना बालपणीच, घरातील मोठ्या माणसांकडून किंवा अस्वच्छ पाण्यातून मिळतो आणि उपचार झाला नाही तर जन्मभर जठरात राहतो. प्रौढ वयात तो नव्याने होण्याचे प्रमाण बरेच कमी असते. उपचारानंतर काही महिन्यांत तो पुन्हा सापडला, तर बहुतेक वेळा जुनाच जिवाणू पुरता मेलेला नसतो. त्यामुळे एका ताटात जेवण्यावर सगळा दोष ठेवण्याचे कारण नाही. चीनमधील तज्ज्ञांनी 2021 मध्ये संपूर्ण कुटुंबाची एकत्र तपासणी व उपचार करण्याची भूमिका मांडली आहे, हे खरे आहे. परंतु तेथे जठराच्या कर्करोगाचे प्रमाण आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक आहे. आपल्याकडे निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जिवाणू असतो आणि त्यांतील बहुसंख्य लोकांना आयुष्यभर कसलाही त्रास होत नाही. पत्नीला पोटाच्या तक्रारी असतील, तिला पूर्वी अल्सर झाला असेल, कारण न सापडणारा लोहाच्या कमतरतेचा अशक्तपणा असेल किंवा तिच्या आईवडिलांपैकी वा भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर तिची तपासणी जरूर करावी. मुलांचे केवळ अधूनमधून पोट दुखते म्हणून ही तपासणी करू नये, असे बालपोटविकारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांचे मत आहे.

कर्करोगाच्या भीतीबद्दलही थोडे लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्ये या जिवाणूला निश्चित कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवले, हे आपण वाचलेच असेल. तरीही लागण झालेल्यांपैकी फार थोड्यांना, साधारणपणे शंभरात एक ते तिघांना, हा कर्करोग होतो आणि तो होण्यास बरीच वर्षे व इतर कारणेही लागतात. भारतात संसर्ग सर्वत्र असूनही बहुतेक राज्यांत या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे. मिझोराममध्ये मात्र ते फार जास्त आहे आणि तेथील अभ्यासकांचे लक्ष धुरी दिलेल्या व खारवलेल्या मांसाकडे, तसेच तंबाखूचा धूर मुरवलेल्या ‘तुइबुर’ नावाच्या पाण्याच्या सेवनाकडे गेले आहे. आपल्याला अल्सर झालेला असल्याने जिवाणू घालवणे आवश्यकच आहे, पण त्यासाठी रात्रीची झोप घालवू नये.

काचपट्टी (मिरज)

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून केवळ तपासणीबद्दल लिहिते. वर सुचवलेल्या दोन्ही तपासण्या उत्तम आहेत. मात्र त्यांच्याआधीची तयारी नीट झाली नाही तर अहवाल दिशाभूल करतो. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल यांसारखी आम्ल कमी करणारी गोळी तपासणीआधी किमान दोन आठवडे बंद असावी लागते आणि कोणतेही प्रतिजैविक किंवा बिस्मथ (या जिवाणूवर दिले जाणारे आणखी एक औषध) घेऊन किमान चार आठवडे लोटलेले असावे लागतात. या औषधांनी सगळे जिवाणू मरतातच असे नाही, पण त्यांची संख्या आणि हालचाल इतकी मंदावते की ते तपासणीला चुकवतात. गोळी चालू असताना आलेला निगेटिव्ह अहवाल म्हणूनच विश्वासार्ह नसतो. पॉझिटिव्ह आलेला अहवाल मात्र तेव्हाही सहसा खरा मानावा.

श्वासाच्या चाचणीमागील तत्त्व समजून घेतले की हे लगेच पटते. जठरातील तीव्र आम्लात तगून राहण्यासाठी हा जिवाणू युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) मोठ्या प्रमाणावर तयार करतो. ते युरियाचे विघटन करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड बनवते आणि त्या अमोनियामुळे जिवाणूच्या सभोवतालचे आम्ल निष्प्रभ होते. मानवी पेशींमध्ये हे विकर नसते. म्हणून रुग्णाला खुणेचा कार्बन असलेला युरिया गिळायला देतात आणि थोड्या वेळाने तोच कार्बन श्वासातून बाहेर पडतो का ते मोजतात. कार्बन-13 किरणोत्सारी नसतो, त्यामुळे तो कोणालाही देता येतो. कार्बन-14 चा किरणोत्सार अत्यल्प असला तरी गर्भवती स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी तो टाळतात. चाचणी उपाशीपोटी करावी लागते. शौचाचा नमुना देणार असाल तर तो उन्हातान्हात तासन्‌तास फिरवू नये. लगेच पोहोचवणे शक्य नसेल तर थंड जागी ठेवावा.

आम्लाची गोळी एकदम थांबवली की पहिले काही दिवस जळजळ उसळते. त्या काळात साधे अँटासिडचे पातळ औषध चालते. पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झाला असल्यास मात्र गोळी थांबवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

तांबडा_पांढरा (कोल्हापूर)

सांगलीकर, आपल्याला एव्हाना प्रत्येक भेटणाऱ्याने ‘तिखट सोडा’ असे सांगितले असेलच. माझ्या आजोबांच्या काळी अल्सरचा दोष रश्श्याला आणि काळजीला दिला जाई. त्यांना दूधभातावर ठेवले होते आणि अखेरीस त्यांच्या पोटाची शस्त्रक्रियाही झाली. पुढे 1982 मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवता आला, तोही ईस्टरच्या सुट्टीत जिवाणू वाढवायच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या म्हणून. अल्सर या जिवाणूमुळे होतो यावर कोणी विश्वास ठेवेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळाले, पण आमच्या गल्लीत अजूनही दोष रश्श्यालाच दिला जातो!

तिखटाने व्रण निर्माण होत नाही. ज्या पदार्थाने आपल्याला प्रत्यक्ष त्रास होतो, तो काही दिवस टाळावा, इतकेच. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि तंबाखू या दोन गोष्टी मात्र खरोखर घातक आहेत, आणि त्यांविषयी रुग्णाला कोणी विचारत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काचपट्टी ताईंनी सांगितल्याप्रमाणे गोळी बंद ठेवून शौचातील अँटिजेनची तपासणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली आहे. म्हणजे जिवाणू खरोखरच आहे. आमच्या डॉक्टरांनी आता बिस्मथसह चार औषधांचा चौदा दिवसांचा कोर्स सुचवला आहे. त्यातील टेट्रासायक्लिन येथील दुकानांत मिळत नाही आणि त्याऐवजी डॉक्सिसायक्लिन चालेल असे एका दुकानदाराने सांगितले. एका नातेवाइकांनी ज्येष्ठमधाचे चूर्ण सहा महिने घेतल्यास प्रतिजैविकांची गरजच पडत नाही, असे ठामपणे सांगितले आहे. याविषयी काय मत आहे?

अंतर्वेध (पुणे, पोटविकारतज्ज्ञ)

आपल्या डॉक्टरांची निवड योग्य आहे. क्लॅरिथ्रोमायसिनला एकदा प्रतिरोध निर्माण झाला, म्हणजे जिवाणू त्याला दाद देईनासा झाला, की मात्रा किंवा दिवस वाढवून त्यावर मात करता येत नाही. म्हणून ते एकदा अयशस्वी ठरल्यावर पुन्हा देऊ नये, हा या उपचारातील मूलभूत नियम आहे. ज्या भागात या औषधाला प्रतिरोध पंधरा टक्क्यांहून अधिक आहे, तेथे ते प्रतिरोधाची तपासणी न करता सुरुवातीलाही वापरू नये असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगतात, आणि भारतातील अनेक अभ्यासांत हे प्रमाण त्याच्या वर गेलेले आहे. आपल्या नव्या कोर्समधील दुसरे प्रतिजैविक म्हणजे मेट्रोनिडाझोल; त्याचा प्रतिरोध तर आपल्याकडे त्याहूनही जास्त आहे, कारण जुलाब लागले की ही गोळी स्वतःच्या मनाने दोन दिवस घेऊन सोडून देण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तरीही मेट्रोनिडाझोल पूर्ण मात्रेत, बिस्मथ, टेट्रासायक्लिन व आम्ल कमी करणारी गोळी यांच्या जोडीने पूर्ण चौदा दिवस घेतल्यास तो प्रतिरोध बऱ्याच अंशी झाकला जातो. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या 2024 च्या मार्गदर्शिकेने याच चार औषधांच्या कोर्सला पहिले स्थान दिले आहे.

डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिनच्याच कुळातील असले तरी या कोर्समध्ये ते तितके परिणामकारक ठरलेले नाही, त्यामुळे हा बदल दुकानदाराने ठरवण्याचा नाही. मोठ्या शहरातील दुकानातून किंवा रुग्णालयाच्या औषधालयातून टेट्रासायक्लिन मागवता येते. चार-आठ दिवस थांबावे लागले तरी चालेल. ते मिळालेच नाही, तर अ‍ॅमॉक्सिसिलिन वाढीव मात्रेत आणि दिवसातून तीन-चार वेळा, सोबत आम्ल जोरकसपणे दाबणारे औषध, असा एक पर्याय असतो, कारण अ‍ॅमॉक्सिसिलिनला प्रतिरोध सहसा लवकर निर्माण होत नाही. व्होनोप्राझान हे आम्ल दाबणारे नवे औषध आता भारतातही मिळते आणि अशा प्रसंगी उपयोगी पडते. लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि रिफाब्युटिन ही औषधे मी स्वतः शेवटी ठेवतो. त्या दोन्ही गटांची औषधे क्षयरोगाच्या उपचारात लागतात, आणि क्षयरोग इतका पसरलेला असलेल्या देशात ती पोटासाठी सहज खर्च करणे मला प्रशस्त वाटत नाही.

कोर्स सुरू करण्यापूर्वी काही गोष्टी मनात पक्क्या असू द्याव्यात. आम्लाची गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यायची असते. टेट्रासायक्लिन दूध, दही, ताक, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्यांबरोबर घेतले तर ते आतड्यात शोषले जात नाही, म्हणून दोहोंत किमान दोन तासांचे अंतर असावे. म्हणजे जेवणानंतरचे ताक त्या दिवसांत वेळ पाहूनच घ्यावे लागेल. ते पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभे राहून घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम होते. कोर्स चालू असताना आणि संपल्यानंतरही काही दिवस मद्य पूर्ण वर्ज्य. बिस्मथमुळे शौचाचा आणि कधी जिभेचा रंग काळा पडतो, त्याने घाबरून जाऊ नये. मात्र शौच डांबरासारखे चिकट, चकचकीत आणि अतिशय दुर्गंधीयुक्त होत असेल व सोबत चक्कर किंवा अशक्तपणा येत असेल, तर ते रक्तस्रावाचे लक्षण समजून तातडीने रुग्णालयात जावे.

ज्येष्ठमधाविषयी इतकेच सांगतो की प्रयोगशाळेतील बशीत ते या जिवाणूची वाढ रोखते; परंतु केवळ त्याने माणसाच्या जठरातील संसर्ग भरवशाने नष्ट होतो असे दिसून आलेले नाही. शिवाय ते दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. सहा महिने तर नकोच.

मंदाकिनी (ठाणे)

डॉक्टरांनी औषधांचे सांगितले आहेच. ते चौदा दिवस घरात कसे जातात, हे मी लिहिते. तोंडाला सतत तांब्याच्या भांड्यासारखी चव येते, मळमळते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ‘पुरे झाले आता’ असे वाटू लागते. बरेच लोक तेथेच सोडून देतात. मी सर्व गोळ्यांचे वेळापत्रक शीतकपाटावर चिकटवले होते आणि मऊ भात, मुगाची खिचडी, उकडलेला बटाटा, भाकरी असे मला मानवणारे अन्न थोडे थोडे खात होते. डॉक्टरांनी मळमळीसाठी आणि जुलाबासाठी वेगळे औषध आधीच लिहून दिले होते, त्याचा मोठा आधार झाला. आपणही ते आधीच मागून घ्या. शक्य असल्यास लग्नकार्य, प्रवास आणि परीक्षांचे दिवस टाळून कोर्स सुरू करावा.

यापुढचे मला कोणी सांगितले नव्हते. माझी श्वासाची चाचणी कोर्सनंतर निगेटिव्ह आली, तरी पोट फुगणे आणि लवकर भरणे चालूच राहिले. एखादा जिवाणू अजून लपून बसला असेल या शंकेने मी पुन्हा पुन्हा तपासण्या करत राहिले आणि प्रत्येक अहवाल निगेटिव्ह येत गेला. शेवटी डॉक्टरांनी समजावले की ज्यांना अल्सर नसतो आणि केवळ अपचनाच्या तक्रारी असतात, त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या तक्रारी जिवाणू गेल्यामुळे पूर्ण थांबतात, आणि तो फरक दिसायलाही काही महिने लागतात. माझा त्रास फंक्शनल डिस्पेप्सियाचा निघाला. म्हणजे जठराची संवेदना आणि हालचाल बिघडलेली असते, पण दुर्बिणीतून काही दिसत नाही. आता मी तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान जेवणे घेते, रात्रीचे जेवण लवकर उरकते, आणि रात्री एक अगदी कमी मात्रेची अमिट्रिप्टिलिन घेते. ती मनाच्या आजारासाठी दिली असे समजून मी सुरुवातीला नकार दिला होता. पोटाच्या नसांची अतिसंवेदनशीलता कमी करण्यासाठीही ती देतात, हे कळल्यावर घेऊ लागले. त्रास पूर्ण गेलेला नाही. महिन्यातून काही दिवस तो डोके वर काढतोच, पण त्या दिवसांत काय खायचे आणि काय टाळायचे हे मला ठाऊक झाले आहे.

आणखी एक. माझा पहिला अहवाल कळताच घरात माझे ताट, वाटी आणि पेला वेगळा काढण्यात आला होता. सासूबाईंचा हेतू वाईट नव्हता, नातवंडांची काळजी होती. परंतु एकाच घरात राहून वेगळ्या भांड्यांत जेवताना माणूस आतून खचतो. साबणाने नीट घासलेल्या भांड्यांतून हा जिवाणू पसरत नाही. जेवणाआधी व शौचानंतर हात धुणे, पिण्याचे पाणी उकळून किंवा गाळून घेणे, आणि बाळाला आपल्या तोंडातील घास न भरवणे एवढे पुरे आहे, असे आमच्या डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितले, तेव्हा कुठे माझे ताट पुन्हा सर्वांच्या ताटांत आले.

निहोनवारी (योकोहामा)

येथे जपानमध्ये जठराच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्यामुळे एंडोस्कोपीत जठराचा दाह दिसला आणि जिवाणू सापडला, की अल्सर नसला तरी 2013 पासून उपचाराचा खर्च राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसतो. माझ्या मराठी सहकाऱ्यांपैकी कित्येकांना आपल्या पोटात हा जिवाणू आहे हे येथील तपासणीतच प्रथम कळले, आणि त्यांच्यापैकी कोणालाही त्यापूर्वी त्रास नव्हता. त्यामुळे अंतर्वेध यांनी देशानुसार धोरण बदलते असे जे सुचवले आहे, ते मला पटते.

कृष्णाकाठ (सांगली)

टेट्रासायक्लिन पुण्याहून मागवले आहे आणि ते हाती आले की कोर्स सुरू करणार आहे. मंदाकिनी ताई, आपला मजकूर मी पत्नीलाही वाचून दाखवला. एक शेवटची शंका आहे. माझे वडील त्र्याहत्तर वर्षांचे असून हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी घेतात. त्यांना पोटाची काहीच तक्रार नाही. त्यांची तपासणी करावी काय?

अंतर्वेध (पुणे, पोटविकारतज्ज्ञ)

होय, आपल्या घरात प्रथम तपासणी करण्याजोगे कोणी असेल तर ते वडील आहेत. अ‍ॅस्पिरिन आणि हा जिवाणू दोन्ही एकत्र असले की व्रणातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, आणि या वयात तो रक्तस्राव अनेकदा कोणतीही पूर्वसूचना न देता, म्हणजे आधी पोट न दुखता, होतो. शौचातील अँटिजेनची तपासणी त्यांना सोयीची पडेल. ते आम्ल कमी करणारी गोळी घेत असतील, तर ती तपासणीसाठी थांबवावी की नाही हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच ठरवा. अ‍ॅस्पिरिन मात्र तपासणीसाठी थांबवावी लागत नाही. ती कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. अहवाल पॉझिटिव्ह आल्यास त्यांच्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. विशेषतः कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती आवर्जून सांगा, कारण क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर काही स्टॅटिन औषधांनी स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते.